आरामाच्या तारखा

२ फेब्रुवारी, रविवार

प्रवासाचा दिवस म्हणजे आरामाचा दिवस नव्हे! एवढं एक वाक्य घरातल्या पुरुषांच्या डोक्यात घालायला सकाळचे दोन तास गेले. चहा दोनदा झाला.

निलेश म्हणतो, "टेंपोत उबाच तर अस्तोय ना गं ताये. पळतोय कुठं?" उभाच तर! बोरघाटाच्या प्रत्येक वळणावर चारी पाय रोवून, शिंगं सांभाळत उभं राहायचं, हा आराम? मी म्हटलं, तू खोपोलीपासून लोणावळ्यापर्यंत हौद्यात उभा राहून ये, कशाला न धरता. मग आपण बोलू. माझ्याहून दोन वर्षांनी लहान, स्वतःचा टेंपो झाला म्हणून शहाणपण आलंय. बाबा हसले. पारव्याची छकडी हाकणारा साईराज पण हसला, पण लगेच माझ्या बाजूने बोलला, "बरोबर हाय तिचं. टेंपोत बैल जास्त दमतो. अंग उतरतं त्याचं."

तर ठरलं ते असं. पंधरा दिवसांत आमच्या पारव्या बैलाला शर्यतीची तीन मैदानं. नऊ तारखेला इथंच कर्जतच्या बाजूला. पंधराला घाट चढून मावळात. तेवीसला खाली अलिबागकडे. मधे घरी आणायचा नाही, सारखं चढ-उतर करून गुडघ्यांचं वाटोळं नको. जिथे मैदान तिथेच जवळ गोठा बघून मुक्काम. पळाल्यावर पूर्ण दोन दिवस आराम. टेंपोतून उतरल्यावर एक दिवस आराम. मैदानाच्या आदल्या दिवशी फक्त पाय मोकळे करायचे, छकडीला हात लावायचा नाही.

बाबा सगळं ऐकत होते. बोलले एकच, "सोमवारी जू नको. बास." आमच्या घरात आजोबांच्याही आधीपासून सोमवारी बैलाच्या मानेवर जू ठेवत नाहीत. लावणी अडली तरी नाही. सोमवार महादेवाचा आणि म्हणून नंदीचा. "आनि टेंपो चालंल का सोमवारी?" निलेशने खोडी काढली. बाबांनी खरंच विचार केला! मग म्हणाले, "टेंपोला जू नस्तं. पन नकोच."

कंपनीने दिलेल्या डायरीच्या मधल्या पानावर तक्ता काढला. पळायचा दिवस लाल, प्रवास निळा, आराम हिरवा. हिरवं जास्त दिसलं पाहिजे, नाहीतर तक्ता चुकला. फोटो काढून निलेशला आणि साईराजला पाठवला. साईराजचं उत्तर: "हजर, मास्तरीणबाई!"

आरामाच्या दिवशी पारव्याजवळ निलेश थांबणार. साईराज मधल्या दिवसांत कर्जतला परत जाणार, फार्महाऊसवरची नोकरी आहे त्याची, रोजची सुट्टी कोण देतंय? मैदानाच्या दिवशी छकडी हाकायला येणार. मावळातला गोठा त्याच्याच ओळखीने मिळाला. पाणी आहे, आंब्याची सावली आहे. किती बघतो हा माणूस!

६ फेब्रुवारी, गुरुवार

आई म्हणते, "साखरपुड्याला महिना ऱ्हायलाय. साडीचा रंग ठरव म्हनलं तर ही बैलाचा तक्ता रंगवत बसलीय. साईराजला तू पायजे का तुजा बैल पायजे, इचार एकदा." विचारलं. साईराज म्हणाला, "दोगं बी."

नऊ मार्चला साखरपुडा. तीन वर्षांपूर्वी पारव्या पहिल्यांदा पळाला तेव्हा छकडीवर हाच होता. म्हणजे आमची गाठ बैलानेच घातली म्हणायची. पारव्या एकोणीस दिवसांचा असताना त्याची आई गेली. मी त्याला बाटलीने दूध पाजलंय. कॉलेजच्या परीक्षेला जाताना माझ्या ओढणीला त्याची लाळ असायची. त्या पारव्याला साईराज "सोन्या" म्हणून हाक मारतो. मग दुसरं काय बघायचं असतं माणसात?

९ फेब्रुवारी, रविवार

जिंकलो!!

मैदानात बाया मोजून चार. त्यातली एक मी, आणि सगळ्यात मोठ्याने ओरडणारीही मीच. आवाज बसलाय. पारव्या पळताना जीभ उजवीकडे काढतो आणि मान थोडी वाकडी धरतो, शाळेला उशीर झालेल्या पोरासारखा. निशाण गाठलं तरी मान वाकडीच. साईराज उतरला आणि आधी बैलाच्या कपाळाला कपाळ लावलं. मग माझ्याकडे बघितलं. लोक होते म्हणून मी दुसरीकडे बघितलं.

निघताना पारव्याला नवी मोरकी घातली. लाल लोकरीची, मी स्वतः विणलेली. जुनी दोरी तोंडाला काचत होती, ती काढून घरी आणली. त्याच्या कानात सांगितलं, पंधरा दिवसांनी भेटू, नीट खा. निलेश म्हणाला, "मला बी सांग की नीट खा म्हनून." त्यालाही सांगितलं.

१० फेब्रुवारी, सोमवार

हिरवा दिवस. बैल आराम करतोय, मी मात्र पहिल्या पाळीत आठ तास उभी. माझा तक्ता कोण करणार?

१३ फेब्रुवारी, गुरुवार

काल घाट चढले, नीट पोचले. आज निलेशने फोटो पाठवला. पारव्या आंब्याखाली बसलाय, डोळे अर्धे मिटलेत, रवंथ चाललंय. फोटोखाली निलेशने लिहिलंय, "साहेब आरामात." बाबांना दाखवला. बाबांनी फोन डोळ्यांजवळ नेऊन बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "बसलाय ब्येस."

फोन केला तर निलेशच्या मागे गाड्यांचा आवाज. कुठे आहेस? "हितंच, नाक्यावर चाय प्यायला आलोय." बरं.

१५ फेब्रुवारी, शनिवार

हरलो. नुसतं हरलो नाही, पारव्या अर्ध्यातच मंदावला. असं कधी झालं नव्हतं.

निलेश फोनवर नीट बोलेना. साईराज म्हणाला, "वरची हवा मानवली नाय त्याला. गार वारा लागला." असेल. पण तीन दिवस पूर्ण आराम झालेला बैल मंदावतो कसा? तक्त्यात कुठे चुकले का मी? टेंपोनंतर दोन दिवस धरायला हवे होते का? सगळं परत मोजलं. चूक सापडत नाही. माझीच असणार, दुसऱ्या कुणाची असणार?

१७ फेब्रुवारी, सोमवार

निलेशचा फोटो आला. पारव्या आंब्याखाली, डोळे अर्धे मिटलेले. "साहेब आरामात."

दुपारी जेवायच्या सुट्टीत परत बघितला. तोंडाला जुनी मोरकी आहे.

जुनी मोरकी तर आमच्या पडवीत खुंटीला लटकतेय.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

घाईत लिहितेय, अक्षर बघू नये.

सकाळी निलेशचा फोन. "ताये, पारव्याचा पाय मुरगाळलाय. गोठ्यात घसारला. अलिबागला नाय जात, उद्या घरी आनतो." मी विचारलं, फोटो कधीचा पाठवलास काल? म्हणाला, "रेंज नाय गं हितं," आणि ठेवला.

कंपनीत माझ्या टेबलावर रिया आहे, नवीन मुलगी, शेलूवरून येते. तिला शर्यतींचं वेड आहे, सगळी मैदानं फोनवर बघते. जेवताना माझ्यासमोर फोन धरला. "ताई, हा तुमचाच ना? नाव तर वादळ म्हणतायत." 

कालचं मैदान. सोमवारचं! बरोबर कुणा मोठ्या मालकाचा पांढरा धिप्पाड बैल, आणि त्याच्या जोडीला जीभ उजवीकडे काढून, मान वाकडी करून माझा पारव्या. अंगावर इतका गुलाल ओतलेला की रंग ओळखू नये. छकडी हाकणाऱ्याच्या तोंडाला फडकं. निवेदक ओरडतोय, वादळ, वादळ! निशाण जवळ आलं तसा पारव्याचा पुढचा उजवा पाय दुमडला. तरी तो निशाणापर्यंत गेला. तीन पायांवर गेला.

हिरवा दिवस होता तो. मी हिरवा रंगवला होता.

सुपरवायझरला सांगून घरी आले. साईराजला फोन केला, रडूच आलं. तो म्हणाला, "काय सांगतेस! मी तर हितं कर्जतला. निलेशवर सोडलेला आपन बैल. मी असतो तर जू ठेवू दिलं असतं का?"

१९ फेब्रुवारी, बुधवार

आला. टेंपोतून उतरेना. चौघांनी पोटाखाली पोती घालून उतरवला. मला बघून त्याने हुंकार दिला नाही. नेहमी देतो.

मी अंगणातच निलेशला विचारलं. सगळ्यांसमोर.

"कुनी पळवला?"

"मी."

"किती वेळा?"

"दोनदा. मैदानाच्या आदी एकदा, आनि परवा."

म्हणजे तेरा तारखेला, फोटो आला त्या दिवशीसुद्धा! बाबांना मी तो फोटो दाखवला होता. बसलाय ब्येस म्हणाले होते ते.

"का रं? कशासाठी?"

"चुकलं ताये."

"हाकत कोन व्हतं?"

"भाड्याचा व्हता कुनीतरी."

बस. रडला नाही, भांडला नाही, नुसता मान खाली घालून टेंपोचं फाळकं लावत राहिला. भांडला असता तर मला बरं वाटलं असतं.

बाबा काठी टेकत बैलाजवळ गेले. मानेवर जिथे जू घासलं होतं तिथे तळहात ठेवला. मग निलेशकडे न बघता म्हणाले, "सोमवारी जुपला?" उत्तराची वाटही न बघता, "माज्यासमोर येऊ नको." आणि आत गेले. बाबांनी आजवर त्याला कधी वाकडं बोललेलं मी ऐकलं नाही.

डॉक्टर येऊन गेले. पायाची शीर ताणलीय, आत सूज आहे. यंदा पळणं विसरा म्हणाले. पुढचं बघू म्हणाले, पण माझ्याकडे न बघता.

२० फेब्रुवारी, गुरुवार

भाऊ म्हणून ज्याच्या हातात दावं दिलं, त्यानेच.

२२ फेब्रुवारी, शनिवार

पारव्या स्वतःहून उठत नाही. सकाळ-संध्याकाळ पोत्यांचा झोळ करून उठवतो, पाच मिनिटं उभा राहतो, परत बसतो. भरडा पुढे ठेवला तर वास घेतो आणि तोंड फिरवतो. मी हाताने भरवते. बाटलीने पाजायचे ते दिवस परत आल्यासारखं झालंय, फक्त आता त्याचं वजन साडेतीनशे किलो आहे.

वरच्या ठाकरवाडीतली बुधी गवताचा भारा घेऊन येते. जनावराचा पाय तिला डॉक्टरपेक्षा जास्त कळतो असं आई म्हणते. आज निरगुडीचा पाला आणला, वाफवून बांधला. सगळं अंग चाचपताना शेपटीशी थांबली. मला बोलावलं.

"दात हायत गं बाय. मानसाचं."

शेपटीच्या मुळाशी दोन अर्धगोल, काळेनिळे. पळवायला शेपूट चावतात. कायद्याने बंदी आहे, तरी चावतात. आमच्या पारव्याला आजवर कुणी काठी दाखवली नव्हती.

मी निलेशला हाताला धरून गोठ्यात आणलं आणि ते दाखवलं. तो बघत राहिला. ओठ हलले त्याचे. मग बाहेर जाऊन मोरीत ओकला. नाटकं! पळवताना नाही ओकलास?

२३ फेब्रुवारी, रविवार

आज अलिबागला लाल दिवस होता.

साईराज आला. पारव्याजवळ फार वेळ नाही थांबला, म्हणाला, बघवत नाय. ओसरीवर माझ्याशी बोलत बसला. निलेशला तो एक शब्द वाईट बोलला नाही. उलट म्हणाला, "ल्हान हाय तो. नावासाठी केलं असंल. मोठ्या मालकाच्या बैलासंगं आपला बैल पळाला म्हंजी नाव व्हतं ना. जाऊ दे." किती मोठं मन! त्याच्या जागी मी असते तर कानफटवलं असतं. म्हणजे कानफटवलंच असतं, पण मला निलेशला हात लावायचीसुद्धा इच्छा होत नाही.

निलेश समोरून पाण्याची बादली घेऊन गेला. साईराज बोलायचा थांबला. निलेशही थांबला. दोघांनी एकमेकांकडे बघितलं आणि निलेशने मान वळवली. लाज वाटली असणार.

२६ फेब्रुवारी, बुधवार

महाशिवरात्र. बाबांनी उपास केला तो पाणीसुद्धा न पिता. कुणासाठी ते सांगितलं नाही. आई देवळातून बेलाचं पान आणून पारव्याच्या कपाळाला लावून गेली. त्याने ते जिभेने ओढून खाल्लं! सात दिवसांत स्वतःहून खाल्लेली पहिली गोष्ट. मी हसले आणि लगेच रडले.

निलेश पहाटेच उठून गोठा झाडतो. मी यायच्या आत शेण काढून, पाणी भरून गेलेला असतो. प्रायश्चित्त म्हणे. मी त्याने भरलेलं पाणी ओतून परत भरते.

१ मार्च, शनिवार

बोलले. बोलायला नको होतं तेही बोलले.

साखरपुड्याची यादी करत होतो. आई म्हणाली, निलेश टेंपोतून मंडपाचं सामान आणील. मी म्हटलं, "त्याच्या टेंपोतून काय नको. आनि त्याने साखरपुड्याला येऊ बी नये. माजा भाऊ सतरा तारखेला मेला."

आईने तोंडावर हात ठेवला. निलेश दारातच होता. "बरं," म्हणाला. मला वाटलं आता तरी ओरडेल. त्याने पिशवीत दोन शर्ट भरले. जाताना आईला म्हणाला, "साजगावला जितेशच्या खोलीवर हाय मी." आणि माझ्याकडे बघून, "निरगुडी दोन टायमाला बांद गं ताये. कोमट बांद. लय गरम नको."

टेंपोचा आवाज वळणापर्यंत ऐकला. मला काही वाटलं नाही. वाटलं नाही असं लिहून ठेवते.

३ मार्च, सोमवार

आई माझ्याशी कामापुरतं बोलते. बाबा तेवढंही नाही. चोर तो आणि शिक्षा मला! या घरात मुलगा चुकला तरी शेवटी मुलगीच कडक ठरते. सुप्रियाचा, माझ्या मैत्रिणीचा फोन होता. ती म्हणाली, लग्नाच्या आधी भावाशी भांडू नये, पुढे माहेरी कुणाच्या तोंडाकडे बघून येशील? मी म्हटलं, बैलाच्या.

५ मार्च, बुधवार

साईराज म्हणतो, पारव्याला त्यांच्याकडे पाठवावं. साखरपुडा झाला की लगेच. लग्नापर्यंत थांबायची काय गरज? त्यांच्याकडे गोठा पक्का आहे, पंखा आहे, फार्महाऊसचे डॉक्टर ओळखीचे आहेत. "तू कामावर जातेस. हितं बगनार कोन? निलेश परत आला तर?" खरं आहे. निलेश परत आला तर? त्याच्यावर मी पुन्हा विश्वास ठेवीन का? दावं त्याच्या हातात देईन का? नाही.

बाबांना विचारलं. म्हणाले, "तुजा बैल. तू ठरव."

ठरवलं. दहा तारखेला पाठवायचा. या वेळी तक्ता वगैरे काही करायचा नाही. ज्याच्याकडे पाठवायचा तो माणूस भरवशाचा असला की तक्ता लागत नाही.

६ मार्च, गुरुवार

पारव्या उठला!!! स्वतः उठला!

दुपारी साईराज आणि त्याची आई साखरपुड्याची साडी घेऊन आले. मोरपंखी, जरीकाठ. चहा झाल्यावर साईराज म्हणाला, बघू तरी सोन्याला, दहा तारखेला चढेल का टेंपोत. आम्ही सगळे गोठ्यात गेलो. पारव्या भिंतीकडे तोंड करून बसलेला. साईराजने मागूनच जिभेने तो आवाज काढला, छकडीवर बसल्यावर काढतो तो, टक् टक्. आणि पारव्या पोत्याशिवाय, झोळाशिवाय, पुढचे गुडघे टेकून एका झटक्यात उभा राहिला! सोळा दिवसांत जे चौघांना जमलं नाही ते याच्या एका आवाजाने केलं. साईराजची आई म्हणाली, "लक्षुमीच्या पावलानं उठला गं!" आईने मीठमोहरी काढली. साईराज "वळखतोय मला," एवढंच म्हणाला आणि बाहेर गेला.

मी पारव्याच्या गळ्यात पडले. सगळं अंग नुसतं थरथरत होतं त्याचं. दुखणाऱ्या पायावर भार टाकून उभा होता वेडा. बसवता बसेना.

बुधी गवत टाकायला आली होती, ती दारातच उभी. सगळे बाहेर गेल्यावर मला म्हणाली, "खाली बग."

खाली ओलं झालं होतं. उभ्या उभ्या मुतला होता.

"आनंदानं उटलेलं जनावर असं नाय करत गं बाय. भ्यालाय त्यो."

मी तिच्यावर चिडले. इतक्या दिवसांनी घरात एक चांगली गोष्ट घडली तर हिचं आपलं भलतंच! तुला काय कळतं म्हटलं. तिने भारा सोडला, पारव्याच्या पुढ्यात पसरला आणि गेली. साईराजची गाडी गेल्यावर तासाभराने पारव्या खाली बसला.

७ मार्च, शुक्रवार

सकाळी रियाकडून घेतलेला तो मैदानाचा व्हिडिओ परत लावला. आज बैलाकडे बघितलंच नाही. छकडी थांबते. हाकणारा डाव्या बाजूने उतरतो, फडकं न काढता शर्टाची कॉलर दोन बोटांनी मागे ओढतो आणि मान एकदा उजवीकडे मोडतो. तीन वर्षं मी ती मान मोडताना बघतेय. गुलालातला बैल ओळखला मी. माणूस नाही ओळखला.

निलेशचे दोन्ही फोटो उघडले. वर बारीक अक्षरात लिहिलंय, फॉरवर्डेड. म्हणजे त्यालाही कुणीतरी पाठवलेले.

त्याला फोन केला. साईराजला ओळखलं म्हटलं, तेव्हा बोलला. "मी भाडं मारायला जायचो ताये. पारव्यापाशी साईराज थांबायचा. फोटो त्यो मला धाडायचा, मी तुला. तितं थांबलो नाय, ती चूक माजीच ना? मोठ्या मालकाच्या छकडीवर बसायला मिळनार व्हतं त्याला, त्या बदल्यात दिला त्यानं पारव्या. पाय मुरगाळल्यावर मला कळलं. पाया पडला माज्या. तुजा साखरपुडा तीन आटवड्यांवर. भावावरचा राग कदी ना कदी उतरतो गं. त्याच्यावरचा उतरला नस्ता."

शहाणा! मला न विचारता माझं अख्खं आयुष्य त्याच्या दावणीला बांधायला निघाला होता, आणि वर माझ्याच शिव्या खात होता. त्यालाही सोडणार नाही मी. पण आधी घरी येऊ दे. म्हटलं, टेंपो काढ आणि ये, बाबांना मी सांगते.

बैल कुठल्या दिवशी मोकळा, घरचं कुणी कधी येणार नाही, सगळं साईराजला मीच पाठवलं होतं. रंग भरून.

आई आत साखरपुड्याच्या लाडवांसाठी रवा भाजतेय. तिला गॅस बंद करायला सांगून येते.